आधी फोन कुणी लावायचा

रविराजचं म्हणणं असं, की जगात अडचण म्हणून काही नसतंच, सेटिंग चुकलेलं असतं. चौसाळ्यात हायवेला लागून त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. ब्रॉडबँड हा शब्द तेव्हा बीडच्या अलीकडे यायचा होता, आणि टेलिफोनच्या तारेतून एका कॉम्प्युटरला दुसरा कॉम्प्युटर जोडता येतो हे अख्ख्या गावात त्या एकट्याला ठाऊक होतं. अशा माणसाला आपल्याबद्दल थोडं जास्त वाटणारच. त्यामुळे घरात पोस्टाने लग्नपत्रिका आली आणि तिच्यावरून महाभारत उभं राहिलं, तेव्हा सगळे घाबरले आणि रविराज तेवढा निवांत राहिला.

पत्रिका त्याच्या मेव्हण्याच्या, म्हणजे वैष्णवीच्या भावाच्या लग्नाची होती. धाडली होती लिंबागणेशहून तिच्या वडिलांनी, भगवानरावांनी. रविराजच्या वडिलांनी, बद्रीनाथआप्पांनी, ती दोन बोटांत धरून दाराकडच्या उजेडात नेली आणि तिकीट पाहिलं.

"इवायाला पत्रिका पोस्टानं?" आप्पा म्हणाले. "कुंकू न्हाई, अक्षता न्हाई, शिक्का मारून धाडली. बरं झालं. पोस्टमनच्या हातानं बोलावणं आलंय, तर लग्नाला पोस्टमन जाईल. आपल्या घरातलं कुणी जाणार न्हाई."

"कुणी म्हंजे?" वैष्णवीने आतून विचारलं.

"कुणी म्हंजे कुणी."

आता खरं सांगायचं तर हे दोन व्याही वीस वर्षांचे दोस्त. दोस्ती बुद्धिबळातली. पोरांची सोयरीक जमली तीसुद्धा पटावर, एक डाव बरोबरीत सुटला त्या आनंदात. पण चार महिन्यांपूर्वी आप्पांनी हत्ती उचलला, ठेवला, आणि पुढे घोडा दबा धरून बसलाय हे दिसल्यावर गपचूप माघारी घेतला. भगवानराव चार लोकांत म्हणाले, "इवाई, शब्द बी असाच माघारी घेता का?" झालं. आप्पांनी पट उलथला, चपला घातल्या, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला.

वैष्णवी रात्रंदिवस धुसफुसणारी बाई नव्हती. तिने जेवताना एकदाच नवऱ्याला सांगितलं, "एकुलता एक भाऊ हाय माझा. करवली मी. त्याच्या मागं शकुनाचा करा धरून मी उभी न्हाई राहिले, तर जन्मभर कुणाच्या लग्नात तोंड वर करणार न्हाई. काय करायचं ते तुमी बघा."

"त्यात काय एवढं?" रविराज म्हणाला. "त्यांचं भांडण कशावरून? हत्तीवरून. मंग हत्तीवरूनच मिटवू. दोघांना घरबसल्या खेळवतो, फोनवरून, कॉम्प्युटरावर. आपल्या दोन घरांतच, बाहेरचं कुणी मधे न्हाई. चाल माघारी घ्यायचं बटन मी बंदच करून टाकतो. मशीनच पंच. आप्पा हरले तर मुकाट्यानं लग्नाला यायचं. तुझे अण्णा हरले तर त्यांनी सोता इथं येऊन हातानं पत्रिका द्यायची."

"आणि दोघं तयार होतील?"

"दोघांना बी वाटतंय आपुनच जिंकणार. तयार कावून न्हाई व्हणार?"

खरोखरच दोघं तयार झाले. लिंबागणेशला अभिमन्यूकडे, म्हणजे त्याच नवरदेव मेव्हण्याकडे, रविराजनेच जोडून दिलेला कॉम्प्युटर होता. भगवानरावांनी फक्त एवढं विचारलं, की त्या मशिनीत हत्ती माघारी जात न्हाई हे नक्की का. नक्की म्हटल्यावर म्हणाले, रविवारी दहाला बसतो.

गाडं अडलं ते शनिवारी. रविराज आप्पांना घरी आणून ठेवलेल्या मशिनीच्या पडद्यावरचं समजावून सांगत होता. क्लासमधल्या पोरांना सगळं इंग्रजी मराठीत करून सांगायची त्याला सवय, तीच नडली.

"हे बघा आप्पा, खेळात एक होस्ट असतो. म्हंजे यजमान. दुसरा त्याच्याकडं येतो, तो पाहुणा."

"मंग मी पाहुणा," आप्पा म्हणाले. "पोराकडचा हाय मी."

"ठीक. पाहुण्यानं फोन लावायचा आणि यजमानानं वाट बघायची."

आप्पांनी उपरणं झटकलं. "म्हंजे बोलावणं नसताना आधी मी त्याच्या दारात जायचं?"

"दारात न्हाई हो, मॉडेममधी."

"कुठं का असंना. आधी म्या जायचं न्हाई. मी यजमान. त्यानं लावावा फोन, मी घेतो."

रविराजने लगोलग अभिमन्यूला फोन केला. पलीकडे नेमकं हेच चाललं होतं, फक्त उलट्या बाजूने. "दाजी, अण्णा म्हणत्यात मी पोरीचा बाप असलो म्हणून काय झालं, हत्ती त्यांनी माघारी घेतला, आधी फोन बी त्यांनीच लावावा," अभिमन्यू म्हणाला.

"तू कशाला त्यांचं ऐकतो बे? अण्णांना सांग, चौसाळ्याहून फोन येणार हाय. आणि दहा वाजता गुपचूप तूच इकडं लाव. एक बटन दाबायचंय. दोघांना बी वाटंल समोरच्यानंच लावला. सेटिंग झालं की न्हाई?"

"झालं," अभिमन्यू म्हणाला.

रविवारी सकाळी आप्पा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून मशिनीसमोर बसले. रविराजने मॉडेमला फोन आपोआप उचलायला लावलं. पडद्यावर 'कॉलची वाट पाहत आहे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य उमटलं. दहा वाजले. सव्वादहा झाले. आप्पांनी वाक्याकडे बघितलं, वाक्य आप्पांकडे बघत राहिलं.

तिकडे लिंबागणेशला काय झालं होतं ते नंतर कळलं. भगवानराव दहाच्या ठोक्याला आले आणि की-बोर्ड उचलून मांडीवर घेऊन बसले. बटनाला दुसऱ्या कुणाचं बोट लागू नये हा त्यांचा उघड हेतू. अभिमन्यूने हळूच हात पुढे केला तर त्यांनी त्याच्या बोटांवर चष्म्याचं घर मारलं. शेवटी त्याने विचार केला, आपल्याकडून येत नाही म्हटल्यावर दाजी हुशार हायेत, तेच लावतील. म्हणून त्याने अण्णांच्याच बोटाने आपलं मशीनही वाट बघायला लावलं. अशी दोन गावांत दोन मशिनं तोंड शिवून बसली. दोन्ही यजमान, पाहुणा कुणीच नाही.

साडेदहाला चौसाळ्याचा फोन वाजला. मॉडेमने उचलला, त्यातून लांबलचक ऊंऽऽऽ निघाला, मग खरखर, मग चिर्रर्र, आणि गप्प.

"लावला," आप्पा म्हणाले आणि मांडी बदलली. "लावावाच लागला शेवटी."

"हँडशेक झाला न्हाई," रविराजने पडदा वाचला. "म्हंजे दोन मशिनींनी एकमेकांना हात द्यायचा असतो. एकानं पुढं केला, दुसऱ्यानं घेतला न्हाई."

"माझा पुढंच हाय. त्यानंच मागं घेतला असंल."

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. पुन्हा ऊंऽऽऽ, पुन्हा खरखर. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळेला आप्पांच्या चेहऱ्यावर चांगलंच तेज आलं. तीन तीन वेळा दारात येऊन गेला म्हणजे पुरे, असं त्यांचं मत पडलं.

वैष्णवी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अहो, पलीकडं मशीन नसून माणूस असंल तर? एकदा उचलून तर बघा."

"उचलला की सेटिंग बिघडतं," रविराज म्हणाला. "आणि माणूस असता तर बोलला नसता का?"

माणूसच होता आणि चांगला भडाभडा बोलत होता. गेवराईच्या छबुबाई, आप्पांच्या थोरल्या बहीण. कानाने जरा कमी, पण मन मोठं. लग्नाला कुठलं लुगडं नेसावं हे भावजयीला, म्हणजे रविराजच्या आईला, बायनाबाईंना विचारायला त्यांनी फोन केला, तर कुणी हॅलो म्हणायच्या आत पलीकडून बाईमाणसाने गळा काढला. छबुबाईंच्या हातातलं लुगडं खाली पडलं. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा हंबरडा. तिसऱ्यांदा लावून त्यांनी काळजावर दगड ठेवला आणि विचारलं, "बायना, अगं कोण गेलं? आपला बद्री का गं?" त्यासरशी पलीकडचं रडणं असं वाढलं, की पुढे विचारायचं काही उरलं नाही.

त्या मोठ्या हिमतीच्या बाई. त्यांनी आधी लिंबागणेशला व्याह्यांना कळवायचं म्हणून तिकडे फोन लावला. तिथंही मॉडेमच होता. तिथंही तोच हंबरडा. म्हणजे बातमी तिकडे पोचली, सगळं घर रडतंय, हे पक्कं झालं. तरी मंडळी निघाली का नाही हे कळावं म्हणून त्यांनी लिंबागणेशच्या मंदिरासमोरच्या टेलिफोन बूथवाल्या सटवाला फोन केला आणि म्हणाल्या, "बद्रीच्या मातीला तुमच्याकडची माणसं कवा निघाली?" सटवा बूथ उघडा टाकून भगवानरावांच्या घराकडे पळाला. छबुबाई जीपमध्ये बसल्या.

पाऊण वाजता चौसाळ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. "माझ्या बद्रीऽऽ" म्हणून जो आवाज उठला, तो ऐकून बायनाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. आता नणंद बद्रीचं नाव घेऊन रडते आहे, तर ती भावाला हाक मारून आपलं दुःख सांगते आहे, असंच कुणालाही वाटेल. बायनाबाईंना वाटलं गेवराईचे भावजी, म्हणजे नणंदेचे मालक, गेले. त्यांनी धावत जाऊन नणंदेच्या गळ्यात हात टाकले आणि हंबरडा फोडला. दोघी एकमेकींना सावरत होत्या. "तुमच्या नशिबी हे यावं का," असं एक म्हणे, "अगं तुझ्याच नशिबी गं," असं दुसरी म्हणे. आजूबाजूच्या बायका काम टाकून आल्या आणि कोण गेलं हे न विचारताच पदर डोळ्याला लावून उभ्या राहिल्या.

आप्पा गडबडीने बाहेर आले. "काय झालं? कोण गेलं?"

छबुबाईंनी भावजयीच्या खांद्यावरून बघितलं. तोंड उघडंच राहिलं. "तूच की," त्या म्हणाल्या.

मग उलगडा व्हायला अर्धा तास गेला. कारण मॉडेम म्हणजे काय हे छबुबाईंना सांगायचं होतं, आणि सांगणारा रविराज होता. त्याने हँडशेकपासून सुरुवात केली. छबुबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते कायबी असू दे. पण ती मशीन लई मनापासून रडत व्हती."

एवढ्यात दुसरी जीप आली. अभिमन्यू चालवत होता आणि शेजारी भगवानराव बसलेले, उपरण्याचं टोक तोंडावर धरून. ती जीप ओळखल्याबरोबर आप्पांनी ओसरीवरून पाय काढला.

"आप्पा, कुठं चालले? त्यांना सांगा तरी तुमी जित्ते हाव म्हणून," रविराज म्हणाला.

"आधी राम राम मी घालणार न्हाई," आप्पा म्हणाले आणि आतल्या खोलीत मशिनीसमोर दाराकडे पाठ करून बसले. रविराज त्यांच्या मागे गेला. त्याला वाटलं, आता एक मिनिटात सगळं मिटतं.

भगवानराव ओसरीवर आले. बायका जमलेल्या, छबुबाईंचे डोळे सुजलेले, बायनाबाईंच्या गालाला रडून पीठ चिकटलेलं. आणखी कसला पुरावा पाहिजे होता? बायनाबाई "अहो भाऊ, ऐका तर" म्हणेपर्यंत ते खांबाला धरून खाली बसले आणि त्यांचा बांध फुटला.

"काय करून बसलो मी," ते म्हणाले. "वीस वर्सांचा दोस्त. एका लाकडाच्या हत्तीपायी चार म्हैने तोंड बघितलं न्हाई. मला दिसत न्हवतं का घोडा कुठं हाय ते? दिसत व्हता. इवायाला बी दिसू द्यायचा व्हता आधी. मीच टपून बसलो. घेतला असता माघारी तर काय बिघडलं असतं? एक काय, दोन्ही हत्ती माघारी दिले असते. आता डाव मांडून बसू कुणासंगं?"

आतल्या खोलीत आप्पांचे कान लाल झाले. रविराजला वाटलं त्यांना उचकी लागली. आप्पा उचकी गिळून, पाठ न वळवता, खड्या आवाजात म्हणाले, "मंग त्या दिवशी कावून न्हाई दिला?"

भगवानरावांनी आधी बायनाबाईंकडे, मग वर तक्तपोशीकडे पाहिलं. मग उठून ते आतल्या दारापर्यंत गेले आणि धोतर, पाठ आणि मशीन बघून आले. त्यांचा चेहरा आधी उजळला आणि लगेच तापला.

"मी मयताला आलतो," ते म्हणाले. "हे येणं धरायचं न्हाई."

"कावून न्हाई? पाय माझ्या उंबऱ्यात हायेत," आप्पा दारात येऊन म्हणाले.

"तुमी मेले असते तर आलो असं झालं असतं. तुमी न्हाई मेले. म्हंजे मी आलो न्हाई."

"म्हंजे मी मरायला पायजे व्हतं?"

"तसं कोण म्हणतंय? पण मंग माझं येणं बी धरू नका."

हे असं चाललं. अभिमन्यू आणि रविराज दोघांच्या मध्ये उभे राहिले आणि दोघांनीही सेटिंग सुचवायचा प्रयत्न केला, तो कुणी ऐकला नाही. शेवटी वैष्णवी पुढे आली. तिचा आवाज चढला नाही, उलट जरा खालीच गेला.

"अण्णा, घरात लग्न आठ दिवसांवर हाय. लग्नघरातला माणूस मयताच्या दारात जात न्हाई. तुमाला कुणी अडवलं न्हाई का?"

भगवानराव खांबाकडे बघायला लागले. अभिमन्यूच बोलला. "सगळ्यांनी अडवलं. मायनं दार धरलं. म्हणाली, पोराचं वाईट व्हईल, माणूस धाडा, तुमी जाऊ नका. तर अण्णा म्हणाले, लग्न पुढं ढकलू, पोराला दुसरा मुहूर्त मिळंल, मला दुसरा बद्रीआप्पा कुठनं मिळणार?"

आप्पांनी ओसरीवरच्या लोकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. बराच वेळ त्यांनी उपरण्याने चष्मा पुसला. चष्मा काही तेवढा मळलेला नव्हता.

"वैष्णवी," ते म्हणाले, "पिशवी भर. बापासंगं जा. आठ दिस राहा. करवलीनं आधी जायला पायजे."

वैष्णवी रडेल असं सगळ्यांना वाटलं. ती आत गेली आणि दोन मिनिटांत पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवी पंधरा दिवसांपासून भरलेलीच होती.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण छबुबाईंनी जीपमध्ये बसायच्या आधी गेवराईत पाच घरी सांगून ठेवलं होतं आणि त्या पाच घरांनी आपापल्या सोयऱ्यांना. दोन वाजता आणखी एक जीप आली, मग मोटारसायकली आल्या, मग कारखान्याकडची मंडळी हार घेऊन आली. प्रत्येक जण आप्पांना बघून दचके, मग जिवंत असल्याबद्दल त्यांचं अभिनंदन करी, मग चहा पिई. चौथ्या हारानंतर आप्पा टेकीला आले. पाचवा हारवाला गल्लीत दिसला तेव्हा भगवानराव जीपमध्ये बसत होते.

"इवाई, इथं तुमाला लोक जगू द्यायचे न्हाईत," ते म्हणाले. "बसा."

आणि ज्या माणसाला आधी फोनसुद्धा लावायचा नव्हता, तो हातानं दिलेल्या पत्रिकेविना, बोलावण्याविना, अंगावरच्या धोतरानिशी लिंबागणेशच्या जीपमध्ये चढला. चौसाळ्यात मागे राहिला रविराज. त्याने पुढचे तीन दिवस दारात खुर्ची टाकून येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा आहेत, पण घरी नाहीत, हे समजावून सांगितलं. हे वाक्य काही लोकांनी भलत्याच अर्थाने घेतलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढच्या रविवारी लग्न झालं. रविराज आणि बायनाबाई मांडवात शिरले तेव्हा दारात फेटा बांधून आप्पाच उभे होते. "या पाव्हणं, उशीर केला," म्हणून त्यांनी स्वतःच्या बायकोला गुलाबपाणी शिंपडलं. वैष्णवी भावाच्या मागे करा धरून अशी ताठ उभी होती, की फोटोवाल्याने नवरदेवापेक्षा तिचेच फोटो जास्त काढले. रविराजने मनाशी म्हटलं, शेवटी आपली आयडियाच कामाला आली. ते खोटंही नव्हतं.

संध्याकाळी निघायच्या वेळी वैष्णवी जीपमध्ये बसली, बायनाबाई बसल्या. आप्पा बसेनात.

"चला की आप्पा."

"असा कसा चलू? तुमी लग्नाला आलात. मला न्यायला कोण आलंय?" आप्पा म्हणाले. "लग्नाचं येणं वेगळं, माणूस न्यायला मूळ येणं वेगळं. आठ दिस राहिलेला माणूस हाय मी. रीतीनं न्यायला या."

बायनाबाई आप्पांशिवायच घरी परतल्या. दोन दिवस घरात जेवण फक्त दोघांचं, स्वतःचं आणि सुनेचंच करून त्यांनी आपलं मत लेकाला कळवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी रविराज नवं धोतर, नारळ आणि पेढ्यांचा पुडा घेऊन बापाला आणायला लिंबागणेशला गेला. दोघं व्याही अंगणात पट मांडून बसले होते. भगवानरावांनी नारळ घेतला, पेढा खाल्ला, जावयाला पाणी दिलं, आणि बोटावर काहीतरी मोजलं.

"आज बुधवार," ते म्हणाले. "बुधवारी आमी माणूस सासरी धाडत न्हाई."

रविराजने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मान खाली घातली आणि उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बघ बाबा," ते हळूच म्हणाले. "माझ्या हातात काय हाय?"